हातोडा उचलावा की सोडावा?

स्टेजवर चौघं लढत असतात. अचानक वरून बेसबॉलची एक बॅट येऊन मधोमध पडते. तिघं तिच्या दिशेनं धावत सुटतात. चौथा जागचा हलत नाही. त्याची नजर बॅटवर नसते, बॅटकडे धावणाऱ्यांवर असते. पहिला बॅटीला हात घालतो तोच दुसऱ्याची लाथ बसते आणि बॅट हातून निसटते. तिसरा ती मिळवायला उडी घेतो आणि नेमका चौथ्याच्या टप्प्यात येतो. बॅट कोणीच फिरवली नाही, तरी तिच्यापायी एक जण स्टेजबाहेर गेला. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ खेळणाऱ्यांच्या हे दृश्य चांगल्या ओळखीचं आहे.

या प्रकारच्या खेळांत अशा अनेक वस्तू लढाईच्या मध्येच येऊन पडतात. खेळाडू त्यांना आयटम म्हणतात. आयटम आले की खेळ नशिबावर गेला, अशी सरसकट समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. वस्तू कधी आणि कुठे पडेल, हे नशीब. पडल्यावर तिचं काय करायचं, हे मात्र पूर्णपणे कौशल्य. क्रिकेटमध्ये नाणेफेक कोण जिंकेल हे कुणाच्या हातात नसतं, पण खेळपट्टी पाहून आधी फलंदाजी घ्यायची की गोलंदाजी, हे कर्णधाराचं डोकं असतं, तसंच हे. या खेळांच्या रचनाकारांनी जवळजवळ प्रत्येक वस्तूला एक ताकद दिली आणि त्याच वस्तूत एक अडचणही ठेवली. ती अडचण ज्याला दिसते, तो रिकाम्या हातानंही बॅटवाल्याला हरवू शकतो.

खेळाची घडण

हातघाईची लढाई असलेल्या बहुतेक व्हिडिओ गेम्समध्ये पडद्याच्या वरच्या बाजूला दोन्ही खेळाडूंच्या जीवाची एकेक पट्टी असते. मार बसेल तशी ती कमी होत जाते आणि संपली की खेळ संपला. प्लॅटफॉर्म फायटर या प्रकारात ही पट्टीच नाही. तिच्या जागी एक टक्केवारी असते. ती शून्यापासून सुरू होते आणि मार खाल्ला की वाढते. आकडा जितका मोठा, तितका पुढच्या फटक्यानं खेळाडू लांब उडतो. स्टेज हवेत तरंगत असतं. त्याच्या चारही बाजूंना, पडद्याच्या कडेपलीकडे एक अदृश्य सीमा असते. ती ओलांडली की एक जीव गेला. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नुसतं मारून भागत नाही. त्याला बाहेर ढकलायचं असतं आणि परत येणाऱ्याची वाट अडवायची असते.

ही कल्पना मासाहिरो साकुराई यांची. ‘कर्बीज ड्रीम लँड’ हा १९९२ चा खेळ बनवणारे साकुराई तेव्हा जपानच्या हॅल लॅबोरेटरी या कंपनीत होते. एकदा आर्केडमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स ९५’ खेळताना त्यांनी समोरच्याला सहज धूळ चारली. नंतर लक्षात आलं, की समोरचा अगदी नवखा होता. पाठ केलेल्या चालींच्या जोरावर जाणकारानं नवख्याला एकतर्फी ठोकावं, यात नवख्याला कसला आनंद, हा प्रश्न त्यांच्या मनात राहिला. चौघांना एकत्र खेळता येईल अशा लढाईचा नमुना त्यांनी आखला. त्याचं प्रोग्रॅमिंग सातोरू इवाता यांनी सुट्टीच्या दिवसांत बसून केलं. हेच इवाता पुढे २००२ मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. त्या पहिल्या नमुन्यात साध्या, निनावी आकृत्या लढत होत्या. मारिओ, पिकाचू, लिंक, डाँकी काँग ही ओळखीची मंडळी नंतर आली. जानेवारी १९९९ मध्ये निन्टेन्डो ६४ वर पहिला ‘स्मॅश’ निघाला. मग २००१ मध्ये ‘मेली’, २००८ मध्ये ‘ब्रॉल’, २०१४ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या दोन यंत्रांवरची जोडी आणि डिसेंबर २०१८ मध्ये ‘अल्टिमेट’ असा हा क्रम आहे.

आयटम पहिल्या खेळापासून सोबत आहेत आणि त्यांतले बरेचसे निन्टेन्डोच्या जुन्या खेळांतून आले आहेत. हातोडा १९८१ च्या ‘डाँकी काँग’मधला. पोकेबॉल उघडपणे पोकेमॉनचा. जखमा भरून काढणारा टोमॅटो कर्बीचा. सुपर स्कोप ही खांद्यावर धरायची बंदूक तर निन्टेन्डोनं १९९२ मध्ये खरोखरच विकायला आणली होती. त्या खेळांवर वाढलेल्यांसाठी ही ओळखीची गंमत आहे. पण साकुराईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही याच वस्तूंमध्ये आहे. ज्याला एकही अवघड चाल येत नाही, त्यालाही जमिनीवरचा बॉम्ब उचलून फेकता येतो. नवख्याच्या हातात एक खरीखुरी संधी येते आणि जाणकाराला दर वेळी नवा विचार करावा लागतो.

हातात घेतलं की काय हरवतं

आयटमचा पहिला नियम कोणी सहसा सांगत नाही, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. वस्तू हातात आली की तुमच्या चालींतला काही भाग बंद होतो. हल्ल्याचं बटण दाबल्यावर नेहमीचा ठोसा बसत नाही. त्या जागी ती वस्तू फिरवली जाते किंवा फेकली जाते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हातात वस्तू असताना समोरच्याला धरता येत नाही, म्हणजे ग्रॅब करता येत नाही.

हे का महत्त्वाचं, ते समजायला या खेळाचा पाया पाहावा लागतो. हल्ला, शील्ड आणि ग्रॅब या तीन गोष्टी एकमेकींवर मात करतात. शील्ड हल्ला अडवते, ग्रॅब शील्डवाल्याला पकडतो आणि हल्ला ग्रॅब करायला येणाऱ्याला आधीच गाठतो. तलवार किंवा बॅट उचललेल्या खेळाडूनं या तिघांपैकी एक पाय स्वतःच काढून ठेवलेला असतो. त्याच्यासमोर तुम्ही एरवीपेक्षा जास्त निर्धास्तपणे शील्ड लावू शकता, कारण शील्ड फोडण्याचा सोपा मार्ग त्याच्याकडे उरलेला नाही. नवखा खेळाडू बॅट पाहून पळतो. अनुभवी खेळाडू बॅट पाहून शील्ड लावतो, फटका अडवतो आणि बॅट परत सावरेपर्यंतच्या वेळात उलटा वार करतो.

दुसरा नियम असा, की हातातली वस्तू ही एक वेगळी सुटी चीज आहे. मार बसला की ती हातून गळू शकते. फेकलेली वस्तू शील्डवर आपटून खाली पडली की ती पुन्हा सगळ्यांची होते. हवेत येणारी वस्तू समोरचा झेलू शकतो. नव्या खेळांत हवेतला डॉज, म्हणजे हुलकावणी, नेमक्या वेळी केला की ती आपोआप हातात येते. म्हणून अचूक वेळ साधून झेलणाऱ्यासमोर वस्तू फेकणं म्हणजे त्यालाच ती देऊन टाकणं होतं.

वस्तूच्या जागेचं महत्त्वही याच नियमांतून येतं. वस्तू तुमच्याजवळ पडली असेल तर ती लगेच उचललीच पाहिजे असं नाही. तिच्यापुढे उभं राहून जागा राखली तरी प्रतिस्पर्ध्याला तुमच्याकडे यावं लागतं, तेही तुम्हाला हव्या त्या वाटेनं. आणि ती त्याच्याजवळ पडली असेल, तर तो उचलायला थांबेल तो क्षण तुमचा. एखादी घातक वस्तू नको असेल तर ती उचलून थेट स्टेजबाहेर फेकून देणं, हाही एक उत्तम डाव आहे.

वस्तूंची कुळं आणि त्यांवरचे उतारे

पहिलं कूळ हातात धरून फिरवायच्या हत्यारांचं. बीम स्वोर्ड पल्ला वाढवते. होम-रन बॅटीचा पूर्ण ताकदीचा बाजूचा फटका बसला तर टक्केवारी कमी असतानाही माणूस पडद्याबाहेर जातो. बॅटीची अडचण वेळेत आहे. तो फटका उगारायला इतका उशीर लागतो, की बेसावध माणसालाच तो बसतो. त्यामुळे बॅटवाला समोरचा अडकण्याची वाट पाहतो: कोणी शील्ड फुटून भोवळ येऊन उभा आहे, कोणी बर्फात गोठला आहे, कोणी जमिनीत रुतला आहे. यावरचा उतारा सरळ आहे. बॅट समोर असताना शील्ड फुटू द्यायची नाही आणि लांब सावरायला लागणाऱ्या चाली टाळायच्या. उगारलेल्या बॅटीच्या पल्ल्यात थांबण्यापेक्षा ती खाली यायच्या आत एक हलका ठोसा मारला तरी फटका मोडतो.

दुसरं कूळ बंदुकांचं: रे गन, सुपर स्कोप, आग ओकणारं फायर फ्लॉवर. यांच्यात गोळ्या किंवा इंधन मोजकंच असतं. संपलं की उरतं ते फेकायचं लोखंड. म्हणून यांच्यासमोर घाई करणाऱ्याचं नुकसान होतं आणि शील्ड-उडी-शील्ड असं करत वेळ काढणाऱ्याचा फायदा. शिवाय गोळी परतवता येते. फॉक्स आणि फाल्को यांच्याकडे रिफ्लेक्टर आहे, मारिओकडे केप आहे, झेल्डाभोवतीचं स्फटिकाचं कवचही गोळ्या उलटवतं. हे कोणीच नसाल तर फ्रँकलिन बॅज हा आयटम अंगावर लावला की गोळ्या आपोआप परत जातात. बॅजवाल्यावर मात करायची तर दुरून मारणं सोडून जवळ जाऊन हातानं लढावं लागतं.

तिसरं कूळ फेकायच्या आणि पेरायच्या वस्तूंचं. यात कल्पकतेला सगळ्यात जास्त वाव आहे. मोशन सेन्सर बॉम्ब जमिनीत रोवला जातो आणि जवळ येणाऱ्याला उडवतो, पण रोवणाऱ्यालाही तो सोडत नाही. गुई बॉम्ब अंगाला चिकटतो, मात्र ज्याला चिकटला तो दुसऱ्याला घासून धावला की बॉम्ब दुसऱ्याच्या अंगावर जातो. त्यामुळे स्फोटापर्यंतचे काही क्षण शिवाशिवीचा खेळ रंगतो. मिस्टर सॅटर्न दिसायला निरुपद्रवी, पण शील्डवर आदळला की तिचा मोठा लचका तोडतो. ‘झेल्डा’मधली कुक्कू ही कोंबडी तर मारणाऱ्याचाच सूड घेते: तिला डिवचलं की कोंबड्यांचा थवा डिवचणाऱ्यावर तुटून पडतो. तिला मारायचं नसतं, ती दुसऱ्यावर फेकायची असते.

चौथं कूळ अंगाला लागू होणाऱ्या वस्तूंचं. मशरूम खाल्लं की शरीर मोठं होतं, जोर वाढतो. त्याच्यासारखंच दिसणारं विषारी मशरूम मात्र माणसाला बोटाएवढा करून टाकतं. ओळखण्याचा फरक रंगछटेत आणि चेहऱ्यात आहे आणि तो धावपळीत पाहावा लागतो. पाठलाग करणाऱ्याला विषारी मशरूमवर आणून सोडणं, ही चांगली खेळी ठरते. सुपर स्टार मिळालेल्याला काही काळ कशानंही इजा होत नाही. त्याच्याशी लढण्यात अर्थ नसतो. उंच प्लॅटफॉर्मवर जायचं, कडेला लटकायचं, अंतर राखायचं आणि ताऱ्याची चमक संपायची वाट पाहायची. पळणं इथे अगदी बरोबर असतं.

पाचवं कूळ जखमा भरणाऱ्यांचं. मॅक्सिम टोमॅटो ५० टक्के भरून काढतो, हार्ट कंटेनर १००. यांची गंमत फेअरी बॉटलमध्ये सर्वांत चांगली दिसते. ही बाटली हातात असलेल्याची टक्केवारी १०० किंवा अधिक असेल तरच त्याला पिता येते. त्याहून कमी असेल तर तो ती फक्त फेकू शकतो. आणि ती फेकून ज्याला लागली त्याची टक्केवारी शंभराच्या वर असेल, तर तोच बरा होतो. म्हणजे निष्काळजीपणे फेकलेली बाटली शत्रूला जीवदान देते. कमी जखमी खेळाडूनं ती दूर नेऊन टाकावी, स्टेजबाहेर फेकावी किंवा जास्त जखमी माणसाला तिच्यापर्यंत पोचूच देऊ नये.

तीन वस्तू, तीन धडे

तीन आयटम असे आहेत, की ते नीट समजले तर बाकीचे आपोआप समजतात.

पहिला हातोडा. तो उचलला की त्याचं ओळखीचं संगीत सुरू होतं आणि खेळाडू सतत हातोडा आपटत सुटतो. समोर सापडेल तो उडतो. पण उचलणाऱ्याचा स्वतःवरचा ताबा गेलेला असतो. त्याला हातोडा खाली ठेवता येत नाही, शील्ड लावता येत नाही, हवेत दुसरी उडी मारता येत नाही. कडेवरून पाय घसरला की परतीची वाट बंद. म्हणून हातोडेवाल्यापुढे पळताना मधोमध राहायचं नाही. कडेकडे जायचं, त्याला मोहात पाडायचं, स्वतः कडेला लटकायचं किंवा वरून उडी मारून पलीकडे जायचं. दुरून मारता येत असेल तर थोडा जरी धक्का कडेजवळ बसला तरी पुरे होतो. ‘मेली’पासून आणखी एक धोका आला: कधीकधी हातोड्याचं डोकंच निखळतं. मग उचलणारा नुसता दांडा हलवत राहतो आणि ते डोकं उचलून त्याच्यावर फेकायची संधी बाकीच्यांना मिळते. सामना जिंकत असताना हातोडा उचलावा की नाही, याचं उत्तर बऱ्याचदा ‘नाही’ असं आहे. पुढे असलेल्यानं आपला ताबा कशाला सोडायचा?

दुसरा बॉब-ऑम, म्हणजे पाय फुटलेला काळा बॉम्ब. फेकला की जबर स्फोट. पण कोणी उचललाच नाही तर तो स्वतःच चालू लागतो आणि ज्याला धडकेल त्याच्यावर फुटतो, त्यात भेदभाव नाही. हातात धरून ठेवणंही धोक्याचं, आणि जवळून फेकलं तर स्फोट स्वतःलाही गाठतो. यावरचा उतारा म्हणजे अंतर आणि झेल. दुरून फेकलेला बॉब-ऑम झेलून परत पाठवणारा खेळाडू सामन्याचा रंगच पालटतो. बरोबरी झाली तर होणाऱ्या सडन डेथमध्ये दोघं ३०० टक्क्यांवर सुरू करतात आणि बराच वेळ कोणी पडलं नाही तर आकाशातून बॉब-ऑमच बरसू लागतात. कुंपणावर बसून राहणाऱ्याला खेळ इथे जागा ठेवत नाही.

तिसरा स्मॅश बॉल, २००८ च्या ‘ब्रॉल’मध्ये आलेला. हा रंगीत गोळा हवेत तरंगत फिरतो. तो मारून फोडायचा असतो आणि जो शेवटचा फटका मारून फोडतो त्याला फायनल स्मॅश हा सर्वांत मोठा हल्ला मिळतो. इथे सगळं लक्ष गोळ्याकडे जातं आणि गोळ्याकडे जाणाऱ्याची पाठ उघडी पडते. गोळा फोडायच्या नादात असलेल्याला मारणं हे कित्येकदा गोळा फोडण्यापेक्षा फायद्याचं असतं. गोळा मिळालेल्याला सडकून मारलं की तो गोळा पुन्हा बाहेरही पडतो. शिवाय फायनल स्मॅश साध्या विशेष चालीच्या बटणावर येत असल्यानं ती चाल तेवढ्यापुरती बंद असते. म्हणजे सर्वांत मोठ्या बक्षिसालाही किंमत आहेच. ‘अल्टिमेट’मध्ये तर हुबेहूब दिसणारा खोटा स्मॅश बॉलही आला, जो फोडणाऱ्याच्या तोंडावर फुटतो. नीट पाहिलं तर त्यावरची खूण उलटी आहे, हे कळतं.

स्पर्धांनी आयटम का बंद केले

एवढं असूनही मोठ्या स्पर्धांमध्ये आयटम बंद ठेवतात. या निर्णयामागे ठोस कारणं आहेत. ‘मेली’मध्ये कोणते आयटम हवेत ते निवडता येत होतं, पण थोडे जरी चालू ठेवले तरी खोकी, पिंपं आणि कॅप्सूल यायचीच आणि त्यांतलं एखादं स्फोटक निघायचं. बाहेरून ते ओळखता येत नसे. खेळाडू ठोसा मारत असताना नेमकी त्याच क्षणी पुढ्यात कॅप्सूल पडली आणि ठोशानं ती फुटली, तर त्यानं काहीही न चुकता जीव गमावला. ज्या धोक्याला वाचता येत नाही, टाळता येत नाही, त्यावर बक्षिसाची रक्कम अवलंबून ठेवणं योग्य नव्हे. खेळाडूंनी हे ठामपणे मांडलं आणि आयटमबंदी हा सर्वसाधारण नियम झाला.

२००८ मध्ये लास व्हेगासच्या ईव्हीओ या फायटिंग गेम्सच्या प्रसिद्ध स्पर्धेत ‘ब्रॉल’ आयटमसह खेळवण्यात आला. त्यावरून खेळाडूंमध्ये तीव्र मतभेद झाले. त्यानंतर गंभीर एकेरी सामन्यांत आयटम परत आले नाहीत. आज ‘अल्टिमेट’च्या स्पर्धांत ठरावीक जीव, ठरावीक मिनिटं, मोजकी स्टेज आणि आयटम पूर्ण बंद, हीच पद्धत आहे.

हा निर्णय स्पर्धांसाठी बरोबरच आहे. पण त्यातून एक चुकीचा निष्कर्ष पसरला: आयटम म्हणजे पोरखेळ, ती विद्या शिकायचं कारण नाही. हा निष्कर्ष स्पर्धांतले सामनेच खोटा ठरवतात.

बंदीनंतरही उरलेले आयटम

आकाशातून पडणाऱ्या वस्तू बंद झाल्या, पण पात्रांच्या स्वतःच्या चालींतून निघणाऱ्या वस्तू राहिल्याच. राजकन्या पीच जमिनीतून सलगम उपटते. प्रत्येक सलगमावर वेगळा चेहरा असतो आणि चेहऱ्यानुसार इजा ठरते. टाके घातलेला दुर्मीळ चेहरा जबर लागतो आणि क्वचित सलगमाऐवजी बॉब-ऑमच हाती येतो. उपटायला वेळ जातो, म्हणून ती कुठे उभी राहून उपटते यावर सगळं असतं. स्वीडनचा अ‍ॅडम लिंडग्रेन, जो ‘आर्माडा’ या नावानं खेळे, त्यानं ‘मेली’मध्ये पीच ज्या दर्जानं खेळवली तिथे सलगम हे नुसतं हत्यार राहिलं नाही. फेकून समोरच्याला शील्डमध्ये ढकलायचं, उडून परत आलेलं झेलायचं, पुन्हा फेकायचं, अशी ती अखंड साखळी होती. २०१८ मध्ये तो एकेरी खेळातून निवृत्त झाला.

‘ब्रॉल’मधल्या डिडी काँगकडे एका वेळी दोन केळ्यांच्या साली असत. समोरचा घसरून पडला की पुढची चाल मोफत. मात्र साल दोघांचीही असते. प्रतिस्पर्धी ती उचलून डिडीवरच फेकू शकतो. म्हणून चांगल्या खेळाडूंना साल झेलायला आणि वेळीच उचलायला शिकावंच लागलं. त्याच खेळात रोल सुरू करता करता वस्तू फेकली की खेळाडू घसरत पुढे जाऊन फेकू शके. ग्लाइड टॉस नावाची ही युक्ती आयटम हाताळण्याच्या कौशल्यातूनच जन्मली. २०१४ च्या खेळात डिडीची साल एकच ठेवण्यात आली.

‘अल्टिमेट’मध्ये ही यादी मोठी आहे. लिंकचा बॉम्ब आता हव्या त्या क्षणी त्याच्याच बटणानं फुटतो. तुम्ही तो उचलून त्याच्याकडे फेकू शकता, पण फोडायची किल्ली त्याच्याकडेच असते. फक्त स्फोट जवळ झाला तर तोही सुटत नाही. स्नेकचे हातबॉम्ब, रॉबचा भोवरा, मेगा मॅनची धातूची चक्री, पॅक-मॅनची फळं, हे सगळं समोरच्यालाही उचलता किंवा झेलता येतं. व्हिलेजर तर समोरून आलेली वस्तू खिशात घालतो आणि सोयीनं बाहेर काढतो. रोझालिना आपल्या ओढीनं आजूबाजूच्या वस्तू जवळ खेचून घेते. ज्यानं बॅट, बॉम्ब, कॅप्सूल यांच्यासोबत मित्रांच्या घोळक्यात तास घालवले आहेत, त्याचा हात इथे आधीच तयार असतो.

दुसरं उदाहरण ‘ब्रॉलहाला’ या दुसऱ्या प्लॅटफॉर्म फायटरचं. ब्लू मॅमथ गेम्सनं २०१७ मध्ये पूर्ण स्वरूपात आणलेला हा खेळ फुकट आहे आणि २०२० पासून मोबाइलवरही खेळता येतो. निन्टेन्डोचं यंत्र घरी नसलेल्या आपल्याकडच्या मुलांना या प्रकाराची ओळख करून घेण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. इथे आयटम हा खेळाचा कणाच आहे. प्रत्येक पात्राची दोन हत्यारं ठरलेली असतात आणि आकाशातून हत्यार पडलं की जो उचलेल त्याच्या हातात त्याच्या दोनांपैकी एक येतं. हत्यार नसेल तर रिकाम्या हातानं लढायचं. हत्यार फेकता येतं आणि स्टेजवर परत येणाऱ्याला त्यानं अडवता येतं, पण फेकलं की हात रिकामा. काय पडणार हे ठाऊक असलं, तरी ते कधी उचलायचं, कधी टाकायचं आणि समोरच्याला उचलू द्यायचं की नाही, यावरच जय-पराजय ठरतो. सोबत बॉम्ब, सुरुंग आणि काटेरी गोळे असतात, आणि फेकलेल्या वस्तूसाठी जो विचार ‘स्मॅश’मध्ये लागतो तोच इथेही लागतो.

शिकायचं कसं

सगळे आयटम एकदम चालू ठेवले तर गोंधळ होतो आणि शिकणं होत नाही. ‘स्मॅश’च्या नियमांत प्रत्येक आयटम वेगळा चालू-बंद करता येतो आणि ते किती वेळा पडावेत हेही ठरवता येतं. सुरुवात दोन-तीन आयटमनी करावी: एक फिरवायचा, एक फेकायचा, एक जखम भरणारा. प्रमाण कमी ठेवावं. वस्तू पडली की उचलायच्या आधी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. ही उचलली तर माझ्याकडचं काय बंद होईल? आणि ती त्यानं उचलली तर त्याच्याकडचं काय बंद होईल? दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे, कारण उतारा त्यातून निघतो. झेलण्याचा सराव वेगळा करावा. एकानं फेकायचं, दुसऱ्यानं हवेत डॉज करून झेलायचं. बऱ्याच खेळाडूंना फेकता येतं, झेलता येत नाही, आणि फरक तिथेच पडतो.

मुलं आयटम लावून खेळतात म्हणून त्यांना हिणवू नये. जागा राखणं, मोह टाळणं, समोरच्याच्या हातात काय आहे ते ओळखून आपली चाल बदलणं, हे सगळं ती त्याच खेळातून शिकत असतात, आणि उद्या स्पर्धेत उतरली तर हीच शिकवण पीचच्या सलगमासमोर आणि लिंकच्या बॉम्बसमोर कामी येईल. स्पर्धेत आयटम बंद असावेत, घरात चालू असावेत. आणि दोन्हीकडे ते हाताळायची विद्या मात्र प्रत्येकानं शिकून घ्यावी.